टेप सतरा

ताम्पेरे, नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लागलेत.
कानावर हेडफोन, पायाखाली पेडल.
दाबलं की आवाज, सोडलं की थांब.
एक मिनिट बोलणं उतरवायला
माझा तास जातो, कधी दीड.

श्वास आत घेतला तर ठिपका आणि ह.
सोडला तर नुसता ह.
शब्दावर शब्द चढला की चौकटी कंस.
हसत बोललेला शब्द पौंडाच्या दोन खुणांमध्ये;
हसण्याला चलनाचं चिन्ह का, विचारलं नाही कुणाला.
आणि गप्प बसणं मोजायचं
सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत.

दुकान श्रवणयंत्रांचं.
वि म्हणजे विक्रेता, गि म्हणजे गिऱ्हाईक.
संमतिपत्रावर त्यांना नावं होती:
एन्सिओ, वय एकतीस, नखं कुरतडलेली;
आउने, कापडगिरणीतून निवृत्त,
तेवीस वर्षं मागांच्या खडखडाटाला
कान दिले, ते परत मिळाले नाहीत.
(नावं इथंही बदललीच आहेत.)

वि: दोन्ही कानांचे मिळून (०.८) तीन हजार चारशे.
(११.०)
वि: म्हणजे .ह यात दोनशे कमी करता येतील.
गि: हं?

अकरा सेकंद.
गप्प बसण्याचं आम्हाला वावडं नाही,
बसथांब्यावर शेजारी शेजाऱ्याशी
अख्खा हिवाळा बोलत नाही.
पण किमतीनंतरचे अकरा सेकंद वेगळे.
मी समासात लिहिलं: किमतीचा धक्का.
यालमारीनं स्वतंत्रपणे लिहिलं: नकाराची तयारी.
दोघं तासभर भांडलो, कॉफी निवली,
शेवटी ‘संकोच’ या शब्दावर तोडपाणी झालं.
तक्त्यात तो छान बसला.

मग एन्सिओला चित्रफीत दाखवली.
इथं काय वाटत होतं? मी विचारलं, प्रशिक्षणात शिकवलेल्या आवाजात.
तो स्वतःलाच बघून कानकोंडा झाला.
‘पोटात गोळा आला. वाटलं, गेली ही.
आई पण पाकीट उघडण्याआधी
अशीच खाली बघायची.
दोनशे मी कशाला सोडले, ठाऊक नाही.
कुणी मागितलेच नव्हते.’

आउनेकडे गेले तेव्हा तिनं
वेलदोड्याचे पाव गरम करून ठेवले होते.
तोच प्रश्न. तीच फीत.
‘किंमत? ती कुठं ऐकली मी नीट!
यंत्र नुकतंच कानात बसवलं होतं.
मी हात उचलला तर कोटाची बाही वाजली.
बाहीला आवाज असतो, माहीत आहे तुम्हाला?
म्हणून परत हलवली.
मग भिंतीत काहीतरी गुणगुणत होतं.
मग त्या पोराचा श्वास.
आखूड, अडकत अडकत.
वाटलं, बरं नसेल त्याला.
आजाऱ्यासमोर काय बोलायचं, म्हणून गप्प राहिले.’

घरी येऊन फीत पुन्हा लावली.
बाही हलते. दोनदा.
सहा आठवडे मी ती बघत होते
आणि चेहरे उतरवत होते.

‘संकोच’ खोडला. जागा रिकामीच आहे.
यालमारी म्हणतो, ‘मर्यादा’ या प्रकरणात
दोन ओळी टाक, पुरे.

पण निघताना आउनेनं दारात थांबवलं.
हातात पाकीट, त्यात वीस-वीसच्या दहा नोटा.
‘त्याला द्या. सांगा, मी घासाघीस केली नव्हती.’
मी माझ्याच संमतिपत्राचं चौथं कलम सांगितलं:
एकाचं बोलणं दुसऱ्याला कळवता येत नाही.
कुणाचंच. काहीच.

तिनं पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
(४.३)
रेकॉर्डर पिशवीत होता, चालूच राहिलेला.
त्यात माझा श्वास ऐकू येतो:
ठिपका, ह, ह, ह.